मी, हवानाची एक जळकुटी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि स्वभावाने जळकुटी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गरीब आणि सोशिक असतात. छत्री असो नाहीतर पाटी, आपण कशा झिजलो ते सांगतात आणि डोळे पुसतात. झिजले तर मीही आहे, पण जे सोसलं ते दातओठ खात सोसलं.

माझा जन्म १९५१ सालचा. उत्तरेकडच्या एका थंडगार शहरात, मोठ्या कारखान्यात मी तयार झाले. माझ्या पुढचाच नंबर माझ्या बहिणीचा होता. रंग तोच, माप तेच, दिवेसुद्धा तसेच गोल. आम्ही दोघी एकाच जहाजातून क्यूबाला आलो. हवानाच्या बंदरात क्रेनने आधी तिला उतरवलं. धक्क्यावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, टोप्या उडवल्या. माझी पाळी येईपर्यंत मंडळी जेवायला निघून गेली होती. तिथून जे माझ्या पोटात दुखायला लागलं, ते पुढे साठ वर्षं दुखत राहिलं.

दैवाने आम्हाला घरंही समोरासमोर दिली. मला एका औषधवाल्याने घेतलं, तिला त्याच्या भावाने. दहा वर्षांनी दोघं भाऊ देश सोडून गेले आणि जाताना किल्ल्या आपापल्या ड्रायव्हरच्या हातात ठेवून गेले. मी आले फेर्मिनकडे. ती गेली समोरच्या घरात. फेर्मिनने माझी टॅक्सी केली. पुढे दोन, मागे तीन, ठरलेल्या रस्त्याने जायचं आणि ठरलेल्या रस्त्याने यायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहराच्या डोक्यावरून समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून परत डोक्यावर.

नवे भाग आमच्यासाठी कधी आलेच नाहीत. जे मिळेल ते बसवायचं, हीच इथली रीत. माझा कार्ब्युरेटर रशियन आहे, पाण्याचा पंप ट्रॅक्टरचा आहे आणि वायपर फिरवणारी मोटर कुणाच्या तरी कपडे धुण्याच्या मशीनची आहे. अंगावरचा हिरवा रंग शाळेची भिंत रंगवून उरलेला. त्यावरूनच गल्लीने माझं नाव कोतोर्रा ठेवलं. कोतोर्रा म्हणजे इथली पोपटीण. जन्माचं माझ्यात काय उरलंय म्हणाल, तर छप्पर, दारं आणि हट्ट.

फेर्मिन गेला तेव्हा त्याचा मुलगा एवेलियो माझ्या चाकामागे बसला. शांत माणूस. बोलायचा कमी आणि कान माझ्या इंजिनाकडे लावून चालवायचा. त्याची मुलगी मायदेलिन जन्मली तेव्हा इस्पितळातून तिला घरी आणली ती मी. चार दिवसांचं बाळ माझ्या मागच्या सीटवर ओकलं, आणि मला त्याचा कोण अभिमान! मायदेलिन सहा वर्षांची असताना तिची आई समुद्रापलीकडे निघून गेली. घरात राहिली तिघं: एवेलियो, त्याची म्हातारी आई ओर्तेन्सिया आणि मायदेलिन. आणि दाराशी मी.

समोर राहायचा ओरेस्तेस, त्या दुसऱ्या ड्रायव्हरचा मुलगा. माझी बहीण त्याची. एवेलियो आणि ओरेस्तेस लहानपणापासूनचे जिवलग. रोज संध्याकाळी रस्त्यात टेबल टाकून दोघं डॉमिनो खेळायचे, एकमेकांना शिव्या घालायचे, उद्या परत खेळायचे. मला बहीण डोळ्यांत खुपायची, पण ती निदान माझ्यासारखीच खटारा झाली होती. त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

आणि मग एक दिवस ओरेस्तेसने करवत आणली.

मित्रांनो, त्याने तिचं छप्पर कापलं! दोन दिवस गल्लीत लोखंडाचा किरकिराट चालू होता. तिसऱ्या दिवशी तिला गुलाबी रंग दिला, सीटवर पांढरं रेक्झिन चढवलं आणि नाव ठेवलं रोसिता. आता तिच्यात परदेशी पाहुणे बसायला लागले. समुद्राकाठच्या रस्त्यावर, मालेकोनवर, तासभर फिरायचं, फोटो काढायचे, झालं काम. माझ्यात बसायची माणसं कोंबड्या, गॅसची शेगडी, रडकी पोरं घेऊन. तिच्या दारावर लोक हात ठेवायचे तो फोटोसाठी. माझं दार लोक आपटायचे. इतकं आपटायचे की एवेलियोने आत पाटीच लावली होती, 'दार हळू लावा, हा फ्रीज नाही'. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जन्मतः उघडी असती तर एक वेळ समजलं असतं. पण करवतीने कापून आलेला तोरा तो!

ओरेस्तेस एवेलियोला म्हणालाही, "अरे, तुझ्याही गाडीचं छप्पर उडवू. दोन दिवसांचं काम. किती दिवस कोंबड्या वाहणार आहेस?"

एवेलियो म्हणाला, "माझ्या बापाची गाडी आहे ती. तिला भादरायला न्हावी नकोय मला."

बस, एवढ्यावर बोलणं बंद झालं. डॉमिनोचं टेबल घडी घालून भिंतीला टेकलं ते टेकलंच. आता जळणारे आम्ही दोघं झालो. मी रोसितावर जळायची आणि एवेलियो ओरेस्तेसवर. फरक एवढाच की मी कबूल करते.

असं वर्षभर गेलं. एके दिवशी सकाळी मी दाराशी उभी होते. ओरेस्तेस रस्ता ओलांडून आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, छपरावर हात फिरवला आणि एवेलियोच्या खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "काय गाडी आहे! अजून अंग कसं शाबूत!" आणि गेला.

ओर्तेन्सिया दारात कॉफी पीत बसली होती. तिच्या हातातला कप तिथेच थांबला.

"ऐकलंस?" ती आत ओरडली. "कौतुक केलं मेल्याने, आणि 'देव बरं करो' म्हणाला नाही!"

आमच्याकडे कुणाच्या बाळाचं, कोंबडीचं, गाडीचं कौतुक केलं की लगेच देवाचं नाव घ्यायचं असतं. नाही घेतलं की दृष्ट लागली म्हणून समजायचं. एवेलियो म्हणाला, "आई, जाऊ दे." पण तोही दोनदा बाहेर येऊन माझ्या छपराकडे बघून गेला.

दुसऱ्याच दिवशी ओर्तेन्सिया आपल्या धर्ममायकडे, म्हणजे देवधर्मातल्या तिच्या गुरूकडे, गेली आणि संध्याकाळी एक पुरचुंडी घेऊन आली. लाल कापड, आत पाला, लोखंडाचा तुकडा आणि एक काळा मणी. धर्ममायने पुरचुंडीवर रमचा फवारा मारला होता आणि चिरुटाचा धूर सोडला होता. लिंबाएवढी पुरचुंडी, पण मोठी कडक. लोखंडाचा देव ओगून याच्या नावाची होती. ती कुणाच्या नजरेला पडू नये आणि एकदा बांधली की तिला परक्या हाताने शिवू नये, असा नियम. म्हातारी माझ्या पायदानापाशी गुडघे टेकून वाकली, रबराची चटई उचलली आणि फळीखाली, पेडलच्या दांड्याला लाल फितीने पुरचुंडी गच्च बांधली. कुठल्या पेडलच्या? क्लचच्या.

आता क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. माझं इंजिन एकीकडे फिरतं आणि चाकं दुसरीकडे. मधे एक गोल प्लेट असते, तिच्यावर पकड घेणारं खरखरीत लायनिंग चढवलेलं. जोरदार स्प्रिंगा तिला दाबून धरतात म्हणून इंजिनाचा जोर चाकांना पोचतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की परत बसते. पण पेडल पूर्ण वर यायला हवं. ते थोडं जरी दाबलेलं राहिलं, तर प्लेट नीट पकडत नाही. ती घसरते, घासते आणि जळते.

म्हातारीची पुरचुंडी नेमकी दांडा आणि फळी यांच्या मधे आली. माझं पेडल दोन बोटं खालीच अडकून राहायला लागलं. मला पहिल्या मिनिटाला कळलं. पण सांगणार कशी? आम्ही मोटारी फार बोलतो, पण माणसांना ऐकू येतो तो सगळा खडखडाट.

चार दिवसांत व्हायचं तेच झालं. आमची गल्ली चढणीच्या पायथ्याशी आहे. लोमा म्हणतात त्या चढणीला. रोज दहा वेळा मी ती चढायची. त्या दिवशी पाच माणसं भरली होती आणि अर्ध्या चढणीवर माझं इंजिन एकदम किंचाळलं. आवाज वाढला, वेग काही वाढेना. एवेलियोने पाय आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं आणि मी जागच्या जागी, मुंगीच्या पावलाने. मग जळका वास आला.

मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "गाडीत काय शिजतंय हो?"

"क्लच शिजतोय, बाई," एवेलियो म्हणाला. "उतरा सगळे. पैसे देऊ नका."

माणसं उतरून चालायला लागली. आणि नेमकी तेव्हाच वरून रोसिता उतरत आली, पांढऱ्या टोप्या घातलेले चार पाहुणे घेऊन. एकाने माझा फोटो काढला. रस्त्यात धूर सोडणाऱ्या मला बघून त्यांना मौज वाटली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आग म्हणाल तर तेव्हा खरोखरच लागायची बाकी होती.

एवेलियोच्या तोंडचं पाणी पळालं ते वेगळ्याच कारणाने. मायदेलिनला दोन आठवड्यांनी पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. इथे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, मोठा केक आणि गाडीतून मिरवणूक. आधी लोमावर जाऊन अख्ख्या हवानासमोर फोटो काढायचे, मग खाली मालेकोनवर फेरी. गल्लीतल्या सगळ्या मुली हल्ली गुलाबी रोसितातूनच मिरवायच्या. पण एवेलियोने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून ठेवलं होतं, "माझी पोर माझ्या गाडीतून जाणार. जिने तिला घरी आणली, तीच तिला मिरवणार." हे ऐकून मी आठवडाभर हवेत होते.

आता तीच मी चढण चढेना. एवेलियोने दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. माझं मजेत फिरत राहिलं. त्याने मान हलवली. पेडलच्या रॉडचा नट फिरवून फिरवून बघितला, पार आटे संपेपर्यंत. काही उपयोग नाही. मग त्याने मला विटांवर चढवलं आणि माझं पोट उघडलं. मागचा दांडा सोडवला, गिअरबॉक्स खाली घेतला. चटई उचलली, फळी काढली आणि तिथे त्याला पुरचुंडी दिसली.

मला वाटलं, सुटले! आता हा बघेल, कपाळावर हात मारेल आणि हसेल.

मित्रांनो, त्याने छातीवर क्रूस काढला. दोन बोटांनी ती पुरचुंडी हळूच बाजूला सरकवली, म्हणाला, "ओगूनबाबा, क्षमा असावी," आणि काम झाल्यावर पुन्हा जशीच्या तशी, आईने बांधली होती तिथेच, लाल फितीला एक जास्तीची गाठ मारून बांधून टाकली!

मधल्या नऊ दिवसांत त्याने काय नाही केलं? प्लेटवरचं लायनिंग जळून पातळ झालं होतं. तो शहरभर हिंडला आणि एका भंगारात काढलेल्या रशियन ट्रकच्या ब्रेकचं लायनिंग मिळवलं. ते कापलं, घासलं, प्लेटवर एकेक रिव्हेट ठोकून बसवलं. इतकं सुबक काम की मला स्वतःचाच हेवा वाटला. शेवटच्या नटापर्यंत सगळं घट्ट करून त्याने परत परीक्षा घेतली. हँडब्रेक, तिसरा गिअर, क्लच सोडला. इंजिन फिरतच राहिलं. आधीपेक्षाही बिनधास्त. प्लेट नवी, जाड. त्यामुळे पेडलला आता थोडीसुद्धा मोकळीक उरली नव्हती.

एवेलियो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. ओर्तेन्सिया दारात उभी होती. ती म्हणाली, "मी सांगते तुला, नजर फार जबर आहे त्याची. मी दुसरी पुरचुंडी आणते. मोठी."

"आण," एवेलियो म्हणाला. "आता तेवढंच राहिलंय."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. इंजिन रिकामं किंचाळताना ओरेस्तेसने ऐकलं होतं. चाळीस वर्षं त्याने तेच इंजिन ऐकलेलं. तो आला आणि काही न विचारता माझ्या दाराशी बसला.

"हो बाजूला," तो म्हणाला.

"तुला कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही. झोप येत नाही तुझ्या या बोंबलण्याने." त्याने हात घालून माझं पेडल दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. "अरे लेका, पेडल वर कुठे येतंय? याला खेळच नाही. अख्खा क्लच काढलास आणि पेडल नाही बघितलंस?" आणि त्याने चटई सारून फळी उचलली.

"नको!" एवेलियो आणि ओर्तेन्सिया एकदम ओरडले.

पण ओरेस्तेसला दिसायचं ते दिसलं होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. त्याने पुरचुंडीला बोट लावलं नाही. उठून उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"हे माझ्यासाठी आहे का, मावशी?"

ओर्तेन्सियाने पदर खोचल्यासारखा आपला एप्रन घट्ट केला. "तुझ्यासाठी नाही. तुझ्या नजरेसाठी. गाडीचं कौतुक केलंस आणि देवाचं नाव घेतलं नाहीस."

"नाही घेतलं," ओरेस्तेस म्हणाला. "कारण मी खरंच जळत होतो."

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मीसुद्धा कान टवकारले.

"हसू नका," तो म्हणाला. "पाऊस आला की तुझी माणसं कोरडी घरी जातात. माझे पाहुणे छत्र्या उघडून गाडीत बसतात आणि पैसे परत मागतात. छप्पर कापल्यापासून तिचं अंग ढिलं झालंय. एका खड्ड्यात चारही दारं उघडतात. आणि क्लच? लायनिंग झिजून पार रिव्हेटपर्यंत गेलंय. दोन महिने झाले, मी लोमा चढलो नाही. वळसा घालून वर जातो आणि नुसता उतरतो, म्हणजे लोकांना दिसतो. लायनिंग कुठे मिळेना. तू ट्रकचं आणलंस हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही."

मित्रांनो, ज्या बहिणीवर मी जन्मभर जळले, ती लोमाला बघून लपत होती! केवढा आनंद झाला म्हणून सांगू. चांगली बहीण असते तर वाईट वाटलं असतं. मला नाही वाटलं.

ओर्तेन्सियाने स्वतःच्या हाताने गाठ सोडली. "मी बांधली, मीच काढते," ती पुटपुटली. "देवाला जागा चुकली नाही. जागा मला चुकली." पुरचुंडी तिने डॅशबोर्डच्या आत, रेडिओच्या रिकाम्या भोकात ठेवली. ओरेस्तेसने रॉडचा नट मागे घेतला, पेडलला दोन बोटं खेळ दिला. हँडब्रेक, तिसरा गिअर. एवेलियोने क्लच सोडला आणि मी असा गचका खाऊन बंद पडले की म्हातारीच्या हातातली कॉफी सांडली. बंद पडण्यात इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

त्या दिवशी पाच माणसं आणि दोन कोंबड्या घेऊन मी लोमा चढले. चढताना हळू नाही, वर पोचून दम नाही. उतरताना मुद्दाम रोसिताच्या अंगावरून गेले असते, पण चाक एवेलियोच्या हातात होतं. संध्याकाळी डॉमिनोचं टेबल पुन्हा रस्त्यात आलं आणि शिव्या सुरू झाल्या. सोहळ्याला तीन दिवस उरले होते.

माझं सुख एकच दिवस टिकलं. शुक्रवारी मायदेलिनचा भाड्याचा झगा आला. निळा, आणि खाली तारेचा असा घेर की दोन माणसं आत लपावीत. ओर्तेन्सिया म्हणाली, "एकदा गाडीत बसून बघ." मायदेलिन माझ्या मागच्या दारातून आत शिरायला गेली. घेर अडकला. तिने रेटा दिला, तशी तार उलटून वर उडाली आणि झगा तिच्या तोंडावर. एवेलियो, ओरेस्तेस, म्हातारी, सगळे पोट धरून हसले. झग्याच्या आतून मायदेलिनही हसत होती. मग ती हसायची थांबली आणि आतून हुंदका ऐकू आला.

"अगं, तार काढू थोडी," आजी म्हणाली.

"तार नकोय काढायला!" झगा खाली ओढत मायदेलिन म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "मला उघड्या गाडीतूनच जायचं होतं, बाबा. पहिल्यापासून. तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून बसलात, मग मी काय बोलणार?"

 एवेलियोने माझं दार लावलं. हळू लावलं. मला ते आपटल्याहून जास्त लागलं.

ओरेस्तेस खाली बघत म्हणाला, "पोरी, मी आनंदाने नेली असती. पण चढण चढायची नाही रोसिता, आता वळशाच्या रस्त्यानेही नाही. मालेकोनवर नेतो, सपाटीवर."

"काका, फोटो वरचेच हवेत. सगळ्यांचे वरचे आहेत," मायदेलिन म्हणाली आणि झगा आवळून घरात गेली.

दोघं पुरुष उभे राहिले. रविवारपर्यंत नवं लायनिंग मिळणं शक्य नव्हतं. ते एवेलियोलाही माहीत होतं, ओरेस्तेसलाही. एवेलियोने माझ्याकडे बघितलं. मग समोर उभ्या रोसिताकडे. मला त्याच्या मनातलं कळलं. आम्ही एका मापाच्या. जे मला बसतं ते तिला बसतं.

"उद्या सकाळी जॅक घेऊन ये," तो ओरेस्तेसला म्हणाला.

"वेडा आहेस का? तुझी प्लेट? परवा कुठे चढलीये ती."

"घेऊन ये म्हटलं ना."

"आणि तुझा धंदा? लायनिंग मिळेपर्यंत ही विटांवर बसेल. महिना, दोन महिने."

"बसेल," एवेलियो म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, जुनी मोटार, समजूतदार मोटार, तिने मन मोठं केलं असेल. नाही केलं. शनिवारी त्यांनी दिवसभर राबून माझं पोट दुसऱ्यांदा उघडलं. नट सुटू नयेत म्हणून मी पराकाष्ठा केली. एवेलियोच्या बोटाला लागलं. रक्त चाटून त्याने पुन्हा पाना लावला. दुपारी माझी प्लेट, माझी नवी कोरी प्लेट, फडक्यावर ठेवून रस्ता ओलांडून गेली. बंदरावर तिला आधी उतरवलं होतं, टाळ्या तिला, पाहुणे तिला, आता माझं काळीजही तिला. मी विटांवर उपाशीपोटी उभी होते आणि समोर रोसिताला पुसत होते.

रविवारी दुपारी मायदेलिन घराबाहेर आली. निळा झगा, डोक्यावर मुकुट. मला वाटलं, ती निदान एकदा माझ्याकडे बघेल. तिने नाही बघितलं. पंधराव्या वर्षी कोण खटाऱ्याकडे बघतं? ती रोसिताच्या मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसली आणि झगा सगळीकडे पसरला. पुढे ओर्तेन्सिया आणि फोटोवाला. चाकामागे पांढरा सदरा घातलेला ओरेस्तेस. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"बाबा, तुम्ही?" मायदेलिनने विचारलं.

"केक यायचाय," एवेलियो म्हणाला. "कुणीतरी घरी नको का? जा. केसांना धर, वर वारा असतो."

रोसिता वळणावरून दिसेनाशी झाली. लोकही पांगले. एवेलियो इस्त्रीचा सदरा घालून थोडा वेळ रस्त्यात उभा राहिला. मग त्याने माझं दार उघडलं आणि तो विटांवरच्या माझ्यात, चाकामागे येऊन बसला.

आम्ही दोघं ऐकत होतो. लांबून रोसिता लोमाच्या पायथ्याशी आल्याचं ऐकू आलं. तिथे दुसरा गिअर टाकावा लागतो. एवेलियोचा डावा पाय आपोआप उठला आणि त्याने माझं पेडल दाबलं. पेडलच्या पलीकडे काही उरलं नव्हतं, ते नुसतं खाली गेलं. त्याने ते हळूहळू सोडलं. चढणीवर सोडावं तसं.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, घसरावी. अर्ध्या चढणीवर घसरावी, इंजिन किंचाळावं, वास सुटावा, पोरीला उतरून झगा उचलून चालत यावं लागावं आणि सगळ्यांना कळावं. मी कान देऊन त्या किंचाळण्याची वाट बघत होते.

ते आलंच नाही. इंजिनाचा आवाज जाड, भरलेला, एका सुरात वर चढत गेला. ती पकड मी ओळखत होते. तिच्यातला एकेक रिव्हेट माझ्या माणसाने ठोकला होता. चढणीचा शेवटचा वाकडा तुकडा आला, तिथे भल्या भल्या गाड्या कण्हतात. तिथेही ती घसरली नाही. मग वरून, फार लांबून, हॉर्न ऐकू आला आणि पोरीच्या ओरडण्याचा आवाज. ओरडत होती आनंदाने.

"चढली," एवेलियो म्हणाला. त्याने चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. मग तो पुन्हा बोलला, आणि या खेपेला माझ्याशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी चालवायला हवं होतं गं, कोतोर्रा. ओरेस्तेसच्या जागी मी हवा होतो."

त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटत होतं जळते ती मी एकटीच. पण हा माणूस स्वतःच्या हाताने सगळं देऊन, इस्त्रीचा सदरा घालून, माझ्याइतकाच जळत बसला होता. त्यानंतर मला रोसिताची आठवण झाली नाही. त्याच्याकडे बघण्यातच माझी दुपार गेली.

मित्रांनो, आता माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर तिला पुसा, तेलपाणी बघा, दार हळू लावा. आणि गिअर पडला की क्लचवरचा पाय उचला. उगाच अर्धवट दाबून बसू नका. पाय ठेवणाऱ्याला वाटतं, आपण काहीच करत नाही. आत मात्र सगळं हळूहळू जळत असतं.

त्या दुपारी एवेलियोचा पाय केक येईपर्यंत माझ्या पेडलवरच होता. मी त्याला ठेवू दिला.